'नाही'चं बटण

चहा राहू द्या बाजूला, आधी हे ऐका. आमचं सॉफ्टवेअर घेतलं की व्यापाऱ्याच्या माणसांना दुकानातला कंप्युटर बाहेरूनही उघडता येतो. कुणी उघडायला लागलं की मालकाच्या फोनवर त्याचं नाव येतं. खाली प्रश्न, 'आत येऊ द्यायचं का?' आणि दोन बटणं, हो आणि नाही.

मुखेडच्या एका आडतवाल्या काकांनी आजवर एकदाही 'नाही' दाबलं नव्हतं. माझा जीव टांगणीला. त्यात अमावस्येला, धान्यबाजार म्हणजे मोंढा बंद असताना, कुणीतरी अनोळखी आत शिरल्याचं आमच्या ऑफिसातल्या नोंदीत दिसलं. दुसऱ्या दिवशी मी लातूरहून पहिली एसटी धरली.

"काका, काल कोण होतं?"

"मला काय म्हाईत?"

"मग 'हो' कशाला दाबलं?"

"गादीवरच्या माणसानं नाही म्हणायचं नसतंय बाबा. लक्ष्मी माघारी जाते."

"चोर आला तरी?" मी लई ओरडलो. "नको असलेला माणूस दुकानात आला, तर काय म्हणता त्याला?"

"त्याला? उद्या या म्हणतो."

पासवर्ड बदलले, आणि परतीच्या एसटीतूनच ऑफिसला फोन लावून 'नाही'च्या जागी 'उद्या या' लिहायला लावलं. लातूरला पोचल्यावर, चालतंय का बघायला मीच काकांचा कंप्युटर उघडायला गेलो. क्षणात उत्तर आलं, 'उद्या या'.

मी घाईघाईनं फोन लावला. "काका, अहो मी हाय!"

"हाव की. नाव वाचूनच दाबलं."