रिकामा दिसणारा भाग

थांबा! माउसवरचा हात काढा आधी — काढा म्हणते ना! काही केलं नाहीत ना अजून? बरं. बसा, पण हात मांडीवर ठेवा. कॉम्प्युटरवाले म्हणून मुलानं तुम्हाला बोलावून सांगितलं असेल, डिस्कचा तो भाग रिकामाच पडलाय, माझ्या विंडोजला जोडून टाका — हेच ना? त्याचं तरी काय चुकलं म्हणा, विंडोजमधून तिथं काही दिसतच नाही, त्यावर टिचकी मारली की उलट विंडोजच विचारते, फॉरमॅट करू का? तो कॉम्प्युटरपुढे बसला की मी मागं येऊन उभी राहते — आज ‘हो’ म्हणतोय की उद्या. रिकामा नाही हो तो! माझी लिनक्स आहे तिथं, विंडोजसारखीच दुसरी सिस्टिम. कुणी घालून दिली म्हणजे? मी घातली. वाचून वाचून, दोनदा सगळं बिघडवून. तुमच्यासारख्याला नव्हतं बोलावलं.

आणि आत काय आहे विचारा की! माझी कटिंगं, कपड्यांचे मापानुसार काढलेले आराखडे. पाठीला बाक आलेल्या बाईचा कोट, एक खांदा उतरलेल्या माणसाचा शर्ट — तयार कपडे बसतात होय त्यांना? मी आखते, पलीकडची शिंपीण शिवते.

डिस्कचा मधला भाग? आहे ना सामायिक, फोटोबिटो तिथंच असतात. तिथं का नाही ठेवलं — अहो, तो विंडोज, लिनक्स दोन्हीकडून दिसतो म्हणूनच! मी जिन्यात पडले, तर यानं माझं शिलाई मशीन विकलं. विचारलंसुद्धा नाही. म्हणे, आई, आता आराम. आराम! वाईट नाहीये तो, जीव आहे त्याचा माझ्यावर, पण जीव लावणाऱ्याला अडवायचं कसं? कळलं तर हेही काढून घेईल. मी कुणाच्या बापाला भीत नाही हं — एक त्याचंच काय ते... जाऊ दे.

फोन कशाला लावताय त्याला? ठेवा! काय — खालीच आहे? गाडी लावतोय? अगं बाई! वर आला की ‘अजून झालं नाही?’ म्हणेल आणि स्वतःच दाबून मोकळा होईल, ओळखते मी त्याला. सरका. सरका हो! कॉम्प्युटर परत सुरू करते, यादी आली की दुसऱ्या ओळीवर — हां, आली लिनक्स. सगळं उचलायचं आणि मधल्या भागात टाकायचं. हो, दिसेल त्याला. दिसू दे! दिसलं तर भांडेन तरी, पुसलं गेल्यावर कशासाठी भांडू?

झालं, आली सगळी कटिंगं मधल्या भागात. बेल वाजली. निघा तुम्ही. नाही, दार मी उघडते — तुम्ही एक शब्द बोलू नका. निघा म्हणते ना!