केशरबाईची ओळ

नाही, काढत नाही मी टेस्टमंधून त्या बाया — साहेब, तुमी पुन्याहून अकोल्याले आले, चहा घ्या, पोहे घ्या, पन हे सांगू नोका मले. टेस्ट लाल, म्हंजे नापास, दिसून राहिली तं दिसू द्या ना! आपला प्रोग्राम करते काय? फवारनीचं विष चढलेला पेशंट गावच्या दवाखान्यात आला, का अकोल्याच्या मोठ्या दवाखान्याले निरोप धाडते — खाट तयार ठेवा, औषध तयार ठेवा. बस. अन् टेस्ट म्हंजे काय, तं वरतं बनावट पेशंटचा तक्ता अन् खाली एकच वाक्य — निरोप गेला पाह्यजे. पह्यले तुमच्या लोकायनं तक्ता हातानं भरला — देवमन, कुर्बान, देवीदास, सारे बाप्येच! काहून? तं फवारते कोन, बाप्या. मी म्हटलं, आपन आपल्याच डोक्यातले मानसं भरून राहिलो, मशीनले भरू द्या — नाव, वय, गाव, बाई का बाप्या, दर खेपेले चिठ्ठी काढल्यावानी. अन् काल निघाली केशरबाई, वय एकावन्न, तेल्हारा. निरोप गेलाच नाही! प्रोग्रामनं साध्या रांगेत बसोलं तिले. टेस्ट पुन्हा चालोली, तेच. दुसऱ्या बाया टाकून पाह्यल्या, तेच.

बाया फवारत नाहीत म्हनता — खरं हाय, पंप पाठीवर नाही घेत. पन पंपात पानी कोन भरते? बादलीत औषध हातानं कोन कालवते? माही मायच — जाऊ द्या.

नाही, काहून जाऊ द्या? पार्बताबाई तिचं नाव. मागच्या फवारनीत चक्कर आली, गावच्या दवाखान्यानं आपल्याच प्रोग्राममंधी नोंद केली. अकोल्याले आनली तं कोनाले काई ठाऊकच नाही — व्हरांड्यात बसोली, ऊन लागलं म्हने. तोंडाले फेस आला अन् बसल्या जागी गेली. वर्सभर मी नशिबाले शिव्या देल्ल्या, साहेब. काल केशरबाई लाल झाली तवा समजलं, मायचाही निरोप गेलाच नव्हता.

केशरबाई खरी नाही म्हनता? नसू द्या. फवारनी पुढच्या हप्त्यात सुरू होते. तुमाले आजच हिरवं पाह्यजे ना — हा घ्या लॅपटॉप. इथं लिवलं हाय, बाई का बाप्या. खोडा, अन् फक्त बाप्या लिवा. साऱ्या ओळी हिरव्या होतीन. तुमच्या हातानं लिवा.

लिवा ना. काहून, काय झालं?

मंग उठा तिथून. अन् प्रोग्राम लिवनाऱ्याले फोन लावा.