पुसलेली रेघ

खेडला विमा कंपनीच्या कचेरीत भिवा पाळीची वाट बघत बसला होता. शेजारी एक नवरा-बायको बोलत होती. बायको गेल्यापासून भिवाच्या घरात बोलणारं कोणी उरलं नव्हतं, त्यामुळे त्याचे कान तिकडेच लागले.

"तुझ्या भावाचं घर आपल्याएवढंच. मग त्याचा विम्याचा हप्ता निम्मा कसा गो?"

"तो लांज्याला, उंच सड्यावर. आपण जगबुडी नदीच्या काठाला."

"जिल्हा एकच ना?"

"पाण्याला जिल्हा कळतो होय?"

"म्हणून तर काल ओटीची भिंत रंगवली. साहेब घर बघायला आला तर पुराच्या खुणा दिसायला नकोत."

"बाबांनी मारलेली तांबडी रेघपण?"

"ती आधी घासून काढली, मग रंग दिला."

"अहो, पाणी त्या रेघेला टेकलं की आईंना उचलून वरच्या शाळेत न्यायचं, असं बाबांनीच घालून दिलेलं ना?"

"मी असतो की."

"तुम्ही लोट्याला कंपनीत. घरात मी नि अंथरुणातल्या आई. मी कशावरून ओळखू?"

"नदी दिसते की ओटीवरून."

"दिसते. पण निघायचं कधी?"

"पुढचे, या!" कारकुनाने हाक मारली.

"काका, तुम्ही जा आधी," नवरा भिवाला म्हणाला.

भिवा उठला. मागून आवाज आला,

"रेघ खालून कितव्या चिऱ्यावर होती?"

"मला काय विचारता? पुसली तुम्ही."

"पुसताना चिरे मोजले नाय गो."