बाईंची जागा

(शुक्रवारची सकाळ. कतारमधल्या अल वक्र्याच्या किनाऱ्यावरचे दगड. रेमंड फोनवर बोलतो आहे. पलीकडे घरून त्याची मुलगी जोस्लीन.)

रेमंड : ...नाही गं, भांडायला नाही आलोय. मम्मीच्या शेजारी गरवतो त्या माणसाला एकच प्रश्न विचारायचा आहे. किती वाजता?

जोस्लीन : डॅडी, सात आठवडे झाले. आता टाइम कळून काय होणार? मम्मीचा हात परत येणार आहे?

रेमंड : डॉक्टरनं मला विचारलं, ह्या शेवटच्या नीट कधी होत्या? मी सांगितलं, सकाळी नऊला, मासे गरवून घरी आली तेव्हा. जोस्लीन, नऊला मी तिच्याकडे पाहिलंच नव्हतं. गाडीवरचा ओरखडा पाहिला. मागच्या दारापासून पुढच्या चाकापर्यंत, चांगला चष्मा लावून पाहिला. बायकोचा चेहरा तेवढा राहून गेला.

जोस्लीन : यू थॉट शी वॉज अँग्री.

रेमंड : न बोलता आत गेली आणि झोपली. छत्तीस वर्षांत ती न बोलता झोपली म्हणजे रागावली, दुसरं कारण कधी नव्हतंच. मी एकटा चर्चमध्ये शुक्रवारच्या मिस्सेला गेलो, तिचा राग उतरावा म्हणून मेणबत्ती लावली. तिला झोपू द्यावं म्हणून तिकडूनच सामान घ्यायला गेलो. चार वाजता उठवायला गेलो तर...

जोस्लीन : डॅडी, स्टॉप. प्लीज.

रेमंड : बत्तीस वर्षं ऑफिसात डॉक्युमेंट कंट्रोलर आहे मी. वेळ टाकल्याशिवाय एक कागद पुढे सरकू दिला नाही. आणि तिच्याच कागदावर अंदाजपंचे वेळ घातली. झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत आणलं असतं तर इंजेक्शन देता आलं असतं म्हणाले. ते साडेचार तास कुठून मोजायचे, तेवढं कळू दे. मंगळवारी विमानात बसलो की विचारायला कुणी उरत नाही.

जोस्लीन : आणि तिथंच सुरू झालं असेल तर? मग फॉल्ट त्याचा?

रेमंड : मग निदान माझ्या एकट्याचा नाही.

जोस्लीन : डॅडी...

रेमंड : मी कोण ते सांगणार नाही त्याला. सांगितलं की माणूस सावरून बोलतो. आला बघ कुणीतरी. दोन बादल्या घेऊन येतोय. ठेवतो. मम्मीला सूप भरव, डाव्या बाजूनं.

जहूर : ओ भाऊ! मराठीच ना? बरं झालं, नायतर हिंदीत भांडायला लागलं असतं. उठा तिथनं.

रेमंड : का? दगड सरकारी आहे ना?

जहूर : दगड सरकारी हाय. जागा बाईंची हाय.

रेमंड : कुठल्या बाई?

जहूर : येतात एक वसईच्या. नर्स हायत. नऊ वर्षं ह्याच दगडावर बसतात. तुमच्या हातात ना काठी, ना गळ. काय पाणी बघायला आलात?

रेमंड : हो. डॉक्टरांनी सांगितलंय, पाणी बघत जा.

जहूर : मंग इकडं माझ्या बाजूला बसून बघा, पाणी तेच हाय. आणि ही बादली ठेवू द्या तिथं. हां. आता तिथं माणूस हाय.

रेमंड : बादली म्हणजे माणूस?

जहूर : अर्धा तास. अर्ध्या तासानं ती नुसती बादली होते. मंग येऊन हलवायची, थोडं पाणी ओतायचं, की परत माणूस.

रेमंड : आमच्या ऑफिसात खुर्चीला कोट लावायचे. ते दिवसभर चालायचं.

जहूर : तुम्ही हसता. पण इथं शुक्रवारी साठ-सत्तर लोक येतात, सगळ्या मुलखांचे. कायदा नसला तर गळ एकमेकांच्या कानात लागायचे. दोघांत दहा पावलं. आपला गळ आपल्या नाकासमोर. दुसऱ्याच्या बादलीत डोकवायचं नाय. कुणाला मोठा मासा लागला तर शेजाऱ्यांनी मुकाट आपल्या दोऱ्या आत घ्यायच्या, न् मासा सुटला तर समुद्राकडं बघत बसायचं, त्याच्याकडं नाय.

रेमंड : आणि हे लिहिलंय कुठे?

जहूर : कुठं लिहायचं? नवीन माणसाला पहिल्या शुक्रवारी सगळे दटावतात, दुसऱ्या शुक्रवारी तोच दुसऱ्याला दटावतो. तो बघा छत्रीवाला. रोज विचारायचा, "काय लागलं, काय लागलं?" बाईंनी त्याला एकदा सांगितलं, "जुलाब लागलेत." तेव्हापासनं गप हाय.

रेमंड : असं म्हणाली... म्हणाल्या?

जहूर : हिंदीत म्हणाल्या. न् हसल्या पण नाय. लय टोकदार बाई. मी पोर्टवर क्रेन चालवतो, हमद पोर्टला. जहूर माझं नाव, हर्णैचा. पण नऊ वर्षांत त्यांनी मला नावानं हाक नाय मारली. "क्रेनवाले, भरती कधी?" एवढंच. मी सांगायचो, न् त्या दोन आंबोळ्या द्यायच्या. नावं विचारायची नाय, हा पण कायदाच.

रेमंड : आज आल्या नाहीत त्या?

जहूर : आज धरून सात शुक्रवार झाले, नाय आल्या. मीच धरून ठेवलीय जागा. पहिल्या आठवड्यात बादलीवर भागलं. मंग ते चार पोरगे आले गाणी लावून. त्यांना म्हटलं, तिथं खाली साप हाय. ते गेले तर एक मिसरी आला, इजिप्तचा, भला माणूस, सगळ्यांना चहा पाजतो. त्याला काय सांगू? त्याला म्हटलं, ह्या दगडावर मुन्सिपालटीची मॅडम बसते, तपासायला. तेव्हापासनं तो बादलीला सलाम करतो.

रेमंड : सात आठवडे? कुणी सांगितलं तुम्हाला धरून ठेवायला?

जहूर : कुणी नाय. जाऊ द्या, तुम्ही पाणी बघा.

रेमंड : पाणी पाहिलं. सांगा ना.

जहूर : रुसल्यात त्या माझ्यावर. म्हणून येत नाय.

रेमंड : काय झालं?

जहूर : माझंच तोंड. गेल्या वेळी आल्या, बसल्या, नीट होत्या. आंबोळी पण दिली. मंग त्यांनी गळ टाकला, तो थेट माझ्या पाण्यात. नाकासमोर सोडून एकदम आडवा. मी काय बोललो नाय, एखादा जातो. दुसरा टाकला, परत माझ्यात. दोऱ्या गुंतल्या, मी माझी तोडून दिली. तिसरा पण तिकडंच! नऊ वर्षं सरळ टाकणारी बाई. मला वाटलं, मुद्दाम करतात. आदल्या शुक्रवारी मला मोठी शेरी मासळी लागली होती, त्याची जळजळ असंल.

रेमंड : हे किती वाजता?

जहूर : सात चाळीस.

रेमंड : अंदाजे?

जहूर : अंदाजे कशाला? भरतीचा गजर लावतो मी मोबाइलवर. तो वाजला न् तिसरा गळ माझ्या पाण्यात पडला. म्हणून तर जास्त डोकं फिरलं, भरतीचा पयला मासा गेला.

रेमंड : सात चाळीस. म्हणजे बारा वाजून दहा.

जहूर : काय?

रेमंड : काही नाही. बेरीज केली. बाराला मी चर्चमध्ये होतो.

जहूर : बरं केलंत. मंग मी बोललो त्यांना. म्हटलं, बाई, दिसत नाय का, हे माझं पाणी हाय. त्या काहीतरी म्हणाल्या, तोंडातल्या तोंडात, चावून चावून. मला वाटलं शिवी दिली. मी म्हटलं, नीट बोला, नायतर बोलू नका.

रेमंड : मग?

जहूर : मंग नाय बोलल्या. बघत बसल्या माझ्याकडं. मी तोंड फिरवलं. अर्ध्या तासानं सामान भरायला लागल्या, डाव्या हातानं, रागानं. बादली दोनदा पडली. मी उचलून नाय दिली. दुसऱ्याच्या सामानाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाय, कायदा हाय ना. कसला कायदा न् कसलं काय... खरं सांगू? उचलून दिली असती तर समेट झाला असता.

रेमंड : आणि गाडीपर्यंत?

जहूर : चालत गेल्या. हळूहळू. मला वाटलं मागं बघतील, मंग हात करू. नाय बघितलं. तुम्हाला थंडी वाजतेय का?

रेमंड : नाही.

जहूर : असू दे. चहा घ्या. थर्मासचा हाय, पण गरम हाय.

रेमंड : जहूरभाई.

जहूर : बोला.

रेमंड : त्या बाईंचं नाव लूर्द. मी रेमंड. त्यांचा नवरा.

जहूर : ...अल्ला! म्हणजे मी तुम्हालाच उठवलं? अहो, आधी नाय सांगायचं? त्यांच्या दगडावरनं त्यांच्याच... बसा, बसा तिकडं, बादली काढतो मी. न् घरी गेल्यावर सांगा त्यांना, क्रेनवाला माफी मागतो. नाय, मीच येतो. अझीझियाला राहता ना तुम्ही? त्या म्हणाल्या होत्या एकदा. मी मासे घेऊन येतो, त्या दार नाय लावणार तोंडावर.

रेमंड : ती रुसलेली नाही. पॅरालिसिस झालाय. उजवी बाजू गेली. वाचाही.

जहूर : कुणाची?

रेमंड : लूर्दची.

जहूर : बोलत नाय?

रेमंड : एकच शब्द येतो, इथला अरबी. यल्ला, म्हणजे चल. पाणी हवं, यल्ला. नको, यल्ला. परवा मी तिचे केस उलटे विंचरले तेव्हाही यल्ला, पण तो शिवीसारखा होता, तेवढं मला कळलं. पाच आठवडे हॉस्पिटलात होती, आता घरी आहे. मंगळवारी घेऊन जातोय वसईला. कायमची.

जहूर : इथं आणा ना एकदा. आपण चौघं खुर्चीसकट उचलू. सगळे दोऱ्या आत घेतील, मी सांगतो त्यांना.

रेमंड : मागच्या शनिवारी आणलं होतं, वरच्या रस्त्यावर, गाडीतच. काच खाली केली. तिनं मान फिरवली. परत काच वर करायला लावली. काय हवं होतं ते काही मला कळलं नाही. मला तिचं पूर्वीही फारसं कळायचं नाही, पण तेव्हा ती सांगायची तरी.

जहूर : रेमंडभाई.

रेमंड : हं.

जहूर : कधी झालं हे?

रेमंड : झाले की सहा-सात आठवडे.

जहूर : नाय, दिवस. कुठला दिवस? कारण मी आता बसून विचार करतोय... ते गळ. तीन वेळा आडवे. उजव्या हातानंच टाकतात त्या. न् ते तोंडातल्या तोंडात बोलणं... रेमंडभाई, तो राग नव्हता काय? माझ्या मामूला असंच झालं होतं, ताटातला घास कानाकडं न्यायचा. मला कळायला पायजे होतं. मी दहा पावलांवर होतो ओ. मी म्हटलं, नीट बोला, नायतर...

रेमंड : रविवारी झालं.

जहूर : रविवारी?

रेमंड : रविवारी. ड्युटीवर असताना. दुपारी.

जहूर : मंग तो हात?

रेमंड : हात लचकला होता तिचा. गुरुवारी. पाण्याची ती मोठी बाटली असते ना, ती उचलून मशिनवर चढवायला गेली. मी ऑफिसातून येईपर्यंत थांबायचं सोडून. मनगट हे एवढं सुजलं होतं. मी म्हटलं होतं, उद्या जाऊ नकोस गरवायला. पण ऐकेल तर ना.

जहूर : न् बोलणं?

रेमंड : दाढ. उजवीकडची. ती काढायचीच होती.

जहूर : दाढ.

रेमंड : नर्सबायका स्वतःचे दात शेवटपर्यंत दाखवत नाहीत कुणाला.

जहूर : म्हणजे शुक्रवारी त्या ठीक होत्या?

रेमंड : शुक्रवारी ठीक होती. घरी येऊन तुमच्याबद्दल बोलली.

जहूर : काय? शिव्या दिल्या असतील.

रेमंड : म्हणाली, आज क्रेनवाल्याच्या पाण्यात तीनदा गळ गेला माझा. बिचाऱ्याचा भरतीचा मासा घालवला. चूक माझी होती.

जहूर : असं म्हणाल्या? चूक माझी, असं?

रेमंड : जेवताना म्हणाली.

जहूर : अल्हम्दुलिल्ला... सात आठवडे, रेमंडभाई. सात आठवडे मी त्या बादलीशी बोलतोय. पण त्या दिवशी बादली तर रिकामीच गेली त्यांची. काय जेवलात?

रेमंड : आधीच्या आठवड्याची शेरी होती फ्रीजमध्ये. तिचं कालवण केलं तिनं. कोकम जरा जास्त पडलं होतं.

जहूर : न् बसलात जेवायला दोघं?

रेमंड : बसलो ना. चांगला वेळ बसलो. ती बोलत होती, मी ऐकत होतो.