राळ लावलेला पाइप

(खारदांडा, कोळीवाड्यातली अरुंद गल्ली. घरापुढे खणलेल्या खड्ड्यात कृणाल उभा आहे. दारातल्या लादीवर त्याचा बाप बळवंत बसलाय, उठत नाही.)

कृणाल : बाबा, ऊठ ना यार. त्या लादीखालूनच पाइप घरात गेलाय.

बळवंत : जाऊ दे. ही लादी मी बसवलीय. मी नाय उठत.

कृणाल : मधुकर प्लंबर नवा पाइप घेऊन येतोच आहे. त्याला काय सांगू? बाप धरणं धरून बसलाय?

बळवंत : सांग, जुना चांगला हाय. तुझ्या आजानं टाकलेला लोखंडी पाइप हाय तो. ह्या तुमच्या प्लास्टिकला उंदीर कुरतडतो.

कृणाल : पाणी तपासून आलं ना? गटाराचं मिसळतंय, पालिकेवाले म्हणाले. पिऊ नका म्हणाले.

बळवंत : आम्ही जन्मभर तेच प्यायलो. मी मेलो का? तुझी आई मेली का?

कृणाल : माझं बाळ मेलं.

बळवंत : ते पाण्यानं नाय.

कृणाल : मग कशानं? बोल ना पुढे.

बळवंत : सगळ्या दांड्याला माहीत हाय कशानं. सातवा महिना लागलेला, आणि तुझी बायको स्टेशनाबाहेर पाणीपुरी खाते. कावीळ होणार नाय तर काय होणार.

कृणाल : दांड्याला माहीत आहे, कारण तू सांगितलंस. बंदरावर, बाजारात, जिथं जाशील तिथं. आपण बाळाला पुरून आलो, त्या दिवशीसुद्धा पायरीवर बसून येईल त्याला पाणीपुरीच सांगत होतास. ती आत पडून ऐकत होती, बाबा.

बळवंत : लोक विचारतात. कायतरी सांगायला लागतं.

कृणाल : डॉक्टर तुझ्यासमोर म्हणाले ना, ही कावीळ पाण्यातून येते, पोटुशी बाईला लय वाईट.

बळवंत : मग पाणीपुरीत काय रॉकेल असतं?

कृणाल : वेसाव्याला नमिताच्या माहेरी जाऊन आलो काल. नमिताच्या आईनं मला दारातच बसवलं. नमिता बाहेर आली आणि एवढंच बोलली. 'पाइप बदललास तर पाणी नीट होईल, माझं नाव नीट होणार नाही. बाबांनी गल्लीत सांगावं की पाणी खराब होतं, माझ्या खाण्यानं काही झालं नाही. सांगितलं तर मी येते. नाहीतर नाही.'

बळवंत : आता सून सासऱ्याला अटी घालणार. झकास.

कृणाल : तू बस तिथंच. मी गटाराकडून ओढतो. कुजलाय सगळा, येईल असाच. हा बघ, आला. थांब, हे जोडाला काय गुंडाळलंय?

बळवंत : काय ते?

कृणाल : राळ आहे ही. आणि आत कापूस. बाबा, हे तू केलंस?

बळवंत : नारळी पुनवेच्या आधी, सुनेला पाचवा लागलेला तेव्हा. जोड गळत होता. म्हटलं, त्याला प्लंबर कशाला? सगळ्या दांड्याच्या होड्या मी बुजवल्यात. फटीत कापूस ठोकायचा, वरून राळ. एका होडीत कधी थेंब शिरला नाय.

कृणाल : मग ही सुटून का आलीय?

बळवंत : दे इकडे.

कृणाल : बघ, बोट जातंय भोकात. आणि हा जोड गटाराच्या पाण्यात बुडालेला होता.

बळवंत : होडीला पाणी बाहेरून दाबतं. त्यानं कापूस फुगतो, फटीत रुतून बसतो. इथं… इथं पाणी आतून ढकलणार.

कृणाल : आणि नळाचं पाणी गेलं की?

बळवंत : पाइप रिकामा. मग गटारातलं आत.

कृणाल : शिवाय सकाळी आपण मोटार लावायचो. उरलंसुरलं ती खेचणार. आणि पहिला हंडा नमिता भरायची.

बळवंत : पुरे.

कृणाल : सारखी तहान लागायची तिला त्या दिवसांत. नळापाशी उभ्या उभ्याच प्यायची.

बळवंत : पुरे म्हटलं ना रे. मी ऐकत होतो तिला. 'बाबा, तुम्हाला पण देऊ का,' विचारायची. ह्याच हातांनी ठोकला मी तो कापूस.

कृणाल : बाबा, रडू नको.

बळवंत : लाव तिला फोन.

कृणाल : काय बोलणार आहेस?

बळवंत : तिला काय बोलू? तोंड हाय का मला? गल्लीत बोलतो. फोन चालू ठेव, तिला ऐकू दे.

कृणाल : हॅलो, नमिता? ठेवू नको गं. काही बोलूही नको, नुसतं ऐक. बाबा सांगतोय गल्लीत.

नमिता : खरंच?

कृणाल : हो. समोरची जान्हवी दारातच आहे. ऐक.

जान्हवी : बळवंतकाका, सकाळपासून काय ठोकाठोकी लावलीय? वाळत टाकलेल्या बोंबलांवर सगळी माती बसली.

बळवंत : जान्हवी, ये जरा इकडे. एक सांगायचंय तुला.

जान्हवी : सांगा ना. ह्यांना पण बोलवू का? तुमच्याकडेच येणार होते. होडी बुजवायचीय, दुसऱ्या कुणाच्या हातावर भरवसा नाही म्हणतात. आणि हे काय, पाइपाला राळ? कुणाची ही अक्कल?

बळवंत : ही होय? असेल कुठल्यातरी जुन्या प्लंबरची.

कृणाल : बाबा.

जान्हवी : बरं, सांगायचं काय होतं?

बळवंत : काय नाय गं. नवा पाइप टाकतोय. नमिता येईल आता. तिला बाहेरचं सोसत नाय, तुला तर माहीतच हाय. म्हटलं, निदान घरचं पाणी तरी चांगलं असू दे.

जान्हवी : चांगलं केलंत काका. सुनेसाठी एवढं कोण करतं.

कृणाल : नमिता? नमिता, आहेस का?

नमिता : आहे. पाइप नीट बसवून घे, कृणाल. तुझ्या आईंना तेच पाणी प्यायचंय. मी नाही येत.