मी आले की दिवे जातात

दिल्लीत शिकताना वाटायचं, राजूरजवळच्या आपल्या गावी परत जाऊ, विजेची फ्रँचायझी घेऊ आणि घरोघरी दिवे लावू. झालं उलटंच. मी गल्लीत शिरले की पुढची घरं एकेक करून अंधारात जायची.

त्याचं असं, की मीटर बघायचं, बिलं वाटायची आणि चोरून घेतलेली वीज पकडायची, ही सगळी कामं वीज कंपनीने माझ्याकडे दिलेली. त्यामुळे "ताई आल्या!" अशी हाक उठायची आणि लोक बांबूने तारेवरचे आकडे काढून घ्यायचे. मग अंधारात चहाला कोण विचारणार? आल्यापासून मी कुणाच्या ओट्यावर टेकले नव्हते.

एका संध्याकाळी शेवटच्या घरी, हिराकाकूंकडे गेले. त्यांचं मीटर आहे, बिलही वेळेवर भरतात. तरी मला बघून त्यांनी बटण बंद केलं.

"काकू, तुम्ही कशाला दिवा घालवला?"

"समद्यांनी घालवला. माझा एकटीचाच चालू दिसला तर म्हनतील, हिनंच चुगली केली."

"मग अंधारातच बसू का जरा?"

"नगं बाई. समदे अंधारातच बसल्यात, त्यांना लई चांगलं दिसतंय."

रात्रभर तेच डोक्यात. सकाळी ठरवलं आणि तडक जाऊन ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून सांगितलं, "तपासणी फक्त सोमवारी, दिवसा. एरवी संध्याकाळी मी नुसती बसायला येणार आहे. मीटरचं हळूहळू बोलू, पण दिवा चालू ठेवा."