पावनीच्या वाट्याचं पीठ

माझं म्हायार पाटणच्या वरल्या अंगाला, डोंगरात, आन् दिलं ते पन शेजारच्याच वाडीत. भात आन् नाचनी, दुसरं काय पिकत न्हाई, पाऊस मातूर आसा की धुनं म्हनून वाळायचं न्हाई. पोटासाठी मालक निघालं ते तासगावच्या बाजूला, द्राक्षबागंत कामाला, आन् म्या त्यांच्या मागनं, काखंत पोरगी, डोक्यावर भांड्याचं बोचकं.

काय सांगू तुमाला, हितं डोंगरच न्हाई! सकाळी उठून बगावं कुटं? जिकडं तिकडं सपाट, उघड्यावर बसल्यागत वाटायचं.

मानसं वाईट न्हवती, खोटं कशाला बोलू. दारात गेलं की बाया पाट सरकवायच्या, च्या द्यायच्या, बसा की वो पाटणच्या, म्हनायच्या. नाव माजं सुमन, पन दहा वर्सं म्या पाटणचीच. कप इसळाया उठलं तर हातातनं काढून घ्यायच्या. मला वाटायचं, किती मान देत्यात.

हितं जत्रंला भंडारा आसतो. आमटी देवळाम्होरं शिजती, पन भाकरी घराघरातनं. आदल्या दिशी देवळातनं जुंधळ्याचं पीठ वाटत्यात, थोरामोठ्याला आन् गरिबाला सारखंच, मग बायांनी भाकरी करून देवळात न्यायच्या. आमच्या दारावरनं पीठ म्होरं जायचं. दरसाल. म्या परात घासून ठिवायची, तशीच ऱ्हायची. मालक म्हनायचं, बरं हाय की, राबायचं वाचलं. व्हय, वाचलं! पन भंडाऱ्याचा घास मला गिळवत न्हवता.

मला वाटलं म्या नाचनीवाली, जुंधळ्याची भाकरी येत न्हाई म्हनून आसंल. आन् खरंच येत न्हवती, तव्यावर टाकस्तोवर तुकडं. मग करून करून शिकली, आशी फुगायची की पोरगी टाळ्या पिटायची. तरीबी पीठ आलं न्हाई.

मग एका साली माजं टाळकं फिरलं. परात घेतली आन् सरळ देवळात. तितं आक्का पीठ मापत हुती, आक्का म्हंजी गल्लीतली थोरली, तिचा शबूद कोन मोडत न्हाई. म्हनलं आक्का, आमच्या घरात चूल न्हाई व्हय? आक्का म्हनली, आगं बया, आसं काय बोलतीस, पावन्याला कुनी भाकरी बडवाय लावतं का? तुमी आज हायसा, उंद्या जाशीला आपल्या गावाला. म्हनलं, पावनी कुटं दहा वर्सं ऱ्हाती का वो? घाला पीठ. आन् परात धरून हुबीच ऱ्हायली. आक्का बगत बसली, मग हसली, इतरांपेक्षा एक माप जास्तीच घातलं, म्हनली, घे सुमन, आता बगतीच कुटं जातीस ते.

भाकरी केल्या, फडक्यात बांधून नेल्या, देवळात ढीग लागला हुता त्येच्यात ठिवल्या. पंगतीत सारखी बगाय लागली, माजी कुनाच्या ताटात पडती. तर मलाच वळखंना! सगळ्यांच्यात मिसळून गेलेली. तवा मातूर डोळं भरलं, आन् म्या धुराचं निमित्त केलं.

आता पोरगीबी हितंच दिलीया, मालक थकलं, घरी आसत्यात. यंदा भाऊबीजंला म्हायारी गेली. भावजय भाकरी थापत हुती, म्हनलं सर जरा, दोन म्या करती. तिनं हात धरून पाटावर बसवलं. बसा वन्सं, म्हनली, तुमी पावन्या.

बसली की मग. च्या पिली. चांगली हाय बिचारी, देव तिचं भलं करो.